शेवटच्या खाटेपर्यंत : वसतिगृहातील बिनतारी जाळ्याची उभारणी व निगा

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना कार्यालयातील तो एकुलता एक दूरध्वनी आठवत असेल. रविवारी दुपारी कुणाच्या तरी घरून फोन येई, शिपाईमामा व्हरांड्यात उभे राहून नाव पुकारत आणि मुले हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर घुटमळत राहत. ज्याची खोली सर्वांत लांब, त्याची हाक हमखास चुके. पुढे शाळेत संगणक आले, इंटरनेट आले, भिंतीवर वायफायचे खोके लागले. तरीही लांबच्या खोलीची हाक चुकण्याचा प्रश्न मिटला आहे असे म्हणण्याचे धाडस आम्हाला काही काळापूर्वीपर्यंत होत नव्हते.

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरण्याचा तो अखेरचा दिवस होता. अकरावी-बारावीच्या मुली सायंकाळच्या जेवणानंतर आपल्या दालनात अर्ज भरावयास बसल्या. मोबाइलवर वायफायच्या सर्व पट्ट्या दिसत होत्या, पण एकही पान उघडेना. कार्यालयातील दोन संगणक मात्र सुरळीत चालू होते. भर पावसात मुली कागदपत्रे पदराआड धरून कार्यालयात आल्या आणि रांग लावून अर्ज भरू लागल्या. मध्यरात्री दोघींचे अर्ज राहून गेले. पुढे मुदत वाढली आणि त्यांचे वर्ष वाचले. पण त्याचे श्रेय आमचे नव्हे.

ही हकिकत कळताच काही माजी विद्यार्थ्यांनी अधिक वेगाच्या जोडणीचा खर्च उचलण्याची तयारी दर्शविली. आम्ही, म्हणजे जाळ्याची जबाबदारी सांभाळणारे शिक्षक, अधीक्षक आणि या व्यवसायात असलेले दोन माजी विद्यार्थी, ती देणगी स्वीकारण्याच्या बेतात होतो. सुदैवाने आधी कारण शोधावे असे ठरले. त्या शोधात जे हाती लागले ते येथे मांडत आहोत. आपल्या गावातील वाचनालय, अभ्यासिका वा वसतिगृह सांभाळणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा, हा हेतू आहे.

बिनतारी म्हणजे किती बिनतारी?

वायफाय हा शब्द ऐकला की सारे काही हवेतून येते असा समज होतो. वस्तुतः हवेतला प्रवास शेवटच्या दहा-पंधरा मीटरांचा असतो. बाहेरून आलेली जोडणी प्रथम राऊटरमध्ये शिरते, राऊटरमधून स्विचमध्ये, स्विचमधून तारेने छतावरच्या ॲक्सेस पॉइंटपर्यंत, आणि तेथून पुढे रेडिओलहरींच्या रूपाने मोबाइलपर्यंत. मोबाइलवरच्या पट्ट्या केवळ या शेवटच्या टप्प्याचे बळ दाखवितात. मागच्या टप्प्यांविषयी त्या काहीच सांगत नाहीत. मुलींना पट्ट्या पूर्ण दिसत होत्या, याचा अर्थ इतकाच की छतावरचे खोके जिवंत होते.

या तंत्राचे पहिले प्रमाण १९९७ साली ठरले. आपल्या देशात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवान्याच्या अटीतून मुक्त झाला आणि २०१८ साली ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भाग खुला झाला. या दोन पट्ट्यांचे स्वभाव निराळे आहेत. २.४ ची तरंगलांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर. ती भिंतींतून बरी पार होते, पण तिथे गर्दी फार. ५ ची तरंगलांबी सुमारे सहा सेंटिमीटर; तिथे जागा ऐसपैस आणि वेग जास्त, पण जाड भिंतीपुढे ती लवकर दमते. आपल्या जुन्या इमारतीच्या दीड हात जाडीच्या काळ्या दगडी भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याचा अर्थ सांगावयास नको.

त्या रात्री नेमके काय घडले?

दुसऱ्या दिवशी दालनातले वायफाय आपोआप सुरू झाले आणि आमचा गोंधळ वाढला. कार्यालयात चालते, वसतिगृहात चालत नाही, तेव्हा दोष अंतराचा किंवा वेगाचा असावा, असा आमचा तर्क होता. तो चुकीचा निघाला.

पुढच्या पालक मेळाव्याच्या सायंकाळी तोच प्रकार पुन्हा घडला आणि या वेळी आम्ही लॅपटॉप घेऊन दालनातच बसलो होतो. लॅपटॉप वायफायला जोडला गेला, पण त्याला मिळालेला पत्ता १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत होता. जाळ्याकडून पत्ता न मिळाल्यास संगणक स्वतःच असा पत्ता घेतो. मोबाइलवरही आयपी पत्ता मिळविणे चालू असल्याची सूचना तशीच थांबून राहिली होती. तिथेच उलगडा झाला.

जाळ्यात येणाऱ्या प्रत्येक उपकरणाला राऊटर एक क्रमांक देतो; टपालासाठी घरक्रमांक असावा तसा. आमच्या राऊटरकडे असे केवळ शंभर क्रमांक वाटावयास होते आणि एकदा दिलेला क्रमांक तो चोवीस तास राखून ठेवीत असे. शिष्यवृत्तीच्या अखेरच्या दिवशीही सकाळी पालक मेळावा होता. सूचनाफलकावर संकेतशब्द लावलेला होता. आलेल्या पालकांचे मोबाइल एकेक करून जोडले गेले. दुपारी पालक गावी परतले, पण त्यांचे क्रमांक रात्रभर राखीव राहिले. कार्यालयातील संगणकांना कायमचे क्रमांक नेमून दिलेले असल्याने ते चालत राहिले. दालनात बसलेल्या मुलींच्या वाट्याला मात्र एकही क्रमांक उरला नाही. पंगतीत सारी पाने मांडलेली, जेवणारे उठून गेलेले, पण पाने कुणी उचललेली नाहीत आणि नव्या पाहुण्यांना दारातच थांबविले आहे, असा तो प्रकार होता.

उपायाला एक रुपयाही लागला नाही. पाहुण्यांसाठी स्वतंत्र नावाचे जाळे केले व तेथे क्रमांक राखण्याची मुदत दोन तासांवर आणली. विद्यार्थ्यांच्या जाळ्याची व्याप्ती वाढविली. राऊटरमधील सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर २५४ पत्ते मिळतात आणि २५५.२५५.२५४.० केल्यास ५१०. अधिक वेगाची जोडणी घेतली असती, तर पुढच्या मेळाव्याच्या रात्री त्याच मुली त्याच पावसातून पुन्हा कार्यालयात आल्या असत्या आणि देणगीदारांचे पैसे मात्र खर्ची पडले असते.

ॲक्सेस पॉइंट कोठे बसवावा?

कारण सापडले, पण शोधात इतर उणिवाही उघड झाल्या आणि देणगी त्यांच्याकडे वळविण्यात आली. पूर्वी एका कंत्राटदाराने सोयीसाठी सर्व खोकी व्हरांड्यात लावली होती. व्हरांड्यात संकेत उत्तम आणि खाटेवर क्षीण, अशी त्यामुळे अवस्था होती. आता प्रत्येक दालनाच्या आत, छताच्या मध्यभागी एक ॲक्सेस पॉइंट आहे. संख्या ठरविताना क्षेत्रफळापेक्षा डोक्यांचा हिशेब अधिक उपयोगी पडतो. एका ॲक्सेस पॉइंटवर एका वेळी तीस-चाळीस जण काम करतील असे आम्ही धरले. एका वाहिनीवर एका क्षणी एकच उपकरण बोलू शकते. वर्गात सर्वांनी आळीपाळीने वाचावे तसे. मुले वाढली की प्रत्येकाची पाळी उशिरा येते.

जागा ठरविण्यापूर्वी मोजणी करावी. मोबाइलवरील विनामूल्य साधनांनी संकेताचे बळ डीबीएम या मापात दिसते. हा आकडा उणे असतो. तो शून्याच्या जितका जवळ, तितका संकेत बळकट. दहाचा फरक म्हणजे दहापट बळ. उणे ६५ च्या आसपास काम उत्तम चालते. उणे ८० च्या पलीकडे जाळ्याचे नाव दिसते, पण काम होत नाही. आमची पहिली मोजणी सुट्टीत, रिकाम्या दालनात झाली आणि ती फसवी ठरली. मानवी शरीरात पाणी पुष्कळ असल्याने भरलेले दालन लहरी शोषून घेते. शिवाय सुट्टीनंतर मुलांच्या लोखंडी ट्रंका परत आल्या. धातूवर लहरी आपटून मागे फिरतात, म्हणून ट्रंकांच्या थप्पीमागची खाट अंधारात राहते. दुसरी मोजणी आम्ही रात्री आठ वाजता, सर्वजण आपापल्या जागी असताना केली. पत्र्याच्या छताला चिकटवूनही खोके लावू नये. थोडे खाली, लाकडी पट्टीवर घ्यावे.

तारेची निगा

ॲक्सेस पॉइंटला वीज व इंटरनेट एकाच तारेतून देता येते. त्यासाठी तशी सोय असलेला स्विच लागतो; मूळ प्रमाणाप्रमाणे तो प्रत्येक मुखातून १५.४ वॅटपर्यंत वीज देतो. याचा मोठा लाभ असा की एकट्या स्विचला व राऊटरला इन्व्हर्टर जोडला की वीज गेली तरी सर्व दालने चालू राहतात. तार शुद्ध तांब्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, पण तिच्यात विजेची गळती अधिक होते आणि लांबवरचे खोके अधूनमधून बंद पडते. एका सलग तारेची मर्यादा १०० मीटर.

तारेच्या टोकास जोडणी करताना दोन्ही बाजूंना रंगांचा क्रम एकच असावा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आतल्या एखाद्या जोडीचा धागा तुटला तरी जोडणी अनेकदा चालू राहते, मात्र वेग १००० मेगाबिटवरून १०० वर येतो. माळ्यावर उंदरांनी कुरतडलेली एक तार आम्हाला अशीच सापडली. दोन इमारतींमध्ये मात्र तांब्याची तार नेऊ नये. जवळ वीज पडल्यास दोन्ही टोकांची उपकरणे जळू शकतात. मुलींच्या वसतिगृहाकडे आम्ही काचतंतूची केबल नेली. ती वीज वाहून नेत नाही.

वाहिन्या आणि आवाज

२.४ च्या पट्ट्यात वाहिन्यांचे क्रमांक तेरा दिसतात, पण एकमेकींवर न चढणाऱ्या तीनच धराव्यात : १, ६ आणि ११. शेजारच्या दालनांना या तीन आळीपाळीने द्याव्यात. कुणी ३ वा ४ निवडली, तर ती दोन्ही शेजाऱ्यांच्या बोलण्यात अडथळा आणते. प्रक्षेपणाचे बळ कमाल ठेवण्याचा मोहही टाळावा. ध्वनिक्षेपकावरून बोलणाऱ्याचा आवाज मैदानाच्या टोकाला पोहोचतो, पण तिथल्या मुलाचे उत्तर व्यासपीठावर ऐकू येत नाही. मोबाइलचा आवाज क्षीणच असतो. खोक्याचे बळ मध्यम ठेवले की ज्याला ते ऐकू येते त्याचे त्यालाही ऐकू जाते, आणि मूल एका दालनातून दुसऱ्यात गेले की मोबाइल जवळचे खोके धरतो.

बिघाड झाल्यास

आता तक्रार आली की आम्ही ठराविक क्रमाने सहा प्रश्न विचारतो आणि एकाचे उत्तर मिळाल्याखेरीज पुढे जात नाही.

१. खोक्याचा दिवा लागला आहे काय? नसल्यास वीज, तार व स्विच पाहावा.
२. तक्रार एकाची आहे, एका दालनाची की सर्वांची? एकाची असल्यास मोबाइल, दालनाची असल्यास तेथील खोके व तार, सर्वांची असल्यास राऊटर.
३. मोबाइलला पत्ता मिळाला आहे काय? १६९.२५४ दिसल्यास पत्ते संपले आहेत किंवा राऊटरपर्यंत वाटच नाही.
४. राऊटर उत्तर देतो काय? पिंग या आज्ञेने ते कळते.
५. बाहेरचा एखादा आकडी पत्ता उत्तर देतो काय? नसल्यास दोष बाहेरच्या जोडणीत. तेव्हाच सेवा पुरविणाऱ्यास फोन करावा.
६. आकडी पत्ता उत्तर देतो, पण संकेतस्थळ नावाने उघडत नाही? मग नावाचे पत्त्यात रूपांतर करणारी सेवा, म्हणजे डीएनएस, तपासावी.

यांखेरीज दोन खोड्या ध्यानात ठेवाव्यात. कुणी सद्भावनेने घरचा जुना राऊटर आणून जोडला, तर तोही पत्ते वाटू लागतो आणि निम्म्या मुलांना खोटे घरक्रमांक मिळतात. आणि एकाच तारेची दोन्ही टोके चुकून एका साध्या स्विचमध्ये खोचली गेली, तर तोच संदेश गरगर फिरत राहतो व सारी शाळा बंद पडते. झाडलोट करताना सुटलेली तार रिकामे भोक पाहून कुणीतरी प्रेमाने खोचते, आणि तेवढ्याने हे घडते.

शेवटचे काम

संकेतशब्द आता सूचनाफलकावर नसतो. कार्यालयाचे, विद्यार्थ्यांचे व पाहुण्यांचे जाळे वेगळे आहे आणि रात्री दहानंतर विद्यार्थ्यांचे जाळे बंद होते. अर्जाच्या अखेरच्या दिवसांचा तेवढा अपवाद. प्रत्येक बिघाड, त्याचे कारण व उपाय एका वहीत लिहिला जातो. वही विद्यार्थीच ठेवतात. अकरावीची एक तुकडी ती पुढच्या तुकडीला सोपविते.

त्या वहीत प्रत्येक महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक नोंद असते. रात्री आठ वाजता एक विद्यार्थिनी मुलींच्या दालनातील कोपऱ्यातल्या, ट्रंकांमागच्या शेवटच्या खाटेवर बसते, महाडीबीटीचे पान उघडते आणि आकडा लिहिते. मागील नोंद उणे ६१ ची आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून ती केबल तिथवर पोहोचली, त्यांनी शाळेत आल्यावर ती वही अवश्य मागून पाहावी.