आईला दिसलं, कागदावर नाही

ताप थर्मामीटर सांगतो, वजन काटा सांगतो. पण रुग्णालयात मुलाच्या उशाशी बसलेल्या आईला ‘माझं लेकरू इथं सुरक्षित आहे’ असं किती वाटतं, हे कशानं मोजायचं? हसू नका! हेही मोजतात बरं का. आणि ते का मोजायचं, हे एका चिमुरडीच्या हकिगतीवरून कळेल.

जोसी किंग अवघी दीड वर्षाची. २००१ च्या जानेवारीत ती गरम पाण्यानं भाजली. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स या नामांकित रुग्णालयात तिला ठेवलं. जखमा भरत आल्या, घरी जायचे दिवस जवळ आले. पण तिची आई सॉरेल हिच्या लक्षात आलं, की पोरीला भयंकर तहान लागली आहे. अंग पुसायचं ओलं फडकंसुद्धा ती चोखत होती! आईनं तिथल्या लोकांना सांगितलं. मुलं असं करतातच, म्हणून तिची समजूत घातली गेली. अंगातलं पाणी कमी झालेलं, त्यात नको असताना एक गुंगीचं वेदनाशामक दिलं गेलं. २२ फेब्रुवारीला जोसी गेली. तिथल्या डॉक्टरांना तिची माया नव्हती असं मुळीच नाही. पण आईला जे दिसत होतं, त्याची नोंद घेणारं कुणी नव्हतं.

पुढे काही वर्षांनी बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातल्या संशोधकांनी पालकांसाठी ६२ प्रश्नांची एक प्रश्नपत्रिका बनवली. (परीक्षा आईबाबांची नव्हे, रुग्णालयाची!) ३४ राज्यांतल्या ६९ रुग्णालयांतून १७,७२७ पालकांनी ती भरून दिली. खरी गंमत प्रश्नांत आहे. ‘तुम्ही समाधानी आहात का?’ असं विचारलं, तर पालक ‘हो हो’ म्हणून मोकळे होतात. मूल घरी आलेलं असतं, आणि उद्या पुन्हा त्याच डॉक्टरांकडे जायचं असतं ना! म्हणून इथं विचारतात: औषध देण्यापूर्वी मुलाच्या मनगटावरची नावाची पट्टी किती वेळा तपासली? कधीच नाही, कधीकधी, बहुतेक वेळा, की दरवेळी? एकाच वॉर्डात दोन ओंकार असले, तर या पट्टीचं मोल कळतं. दुसरा प्रश्न: काही चुकतंय असं वाटलं तर कुणाला सांगायचं, हे तुम्हाला सांगितलं होतं का? पट्टीच्या प्रश्नाला गुण फक्त ‘दरवेळी’ला. ‘बहुतेक वेळा’ला भोपळा! मला हे कडक गणित आवडलं.

तुम्ही म्हणाल, आईबाबांना वैद्यकातलं काय कळतं? बॉस्टनमध्येच ३८३ पालकांना मूल घरी न्यायच्या वेळी विचारलं गेलं. त्यांतल्या ३४ जणांनी ३७ घटना सांगितल्या. डॉक्टरांनी एकेक घटना तपासली. २३ खरोखरच उपचारातल्या चुका निघाल्या, ९ सेवेतल्या उणिवा, आणि ५ घटनांत तसं काहीच नव्हतं. म्हणजे पालकांचं दरवेळी बरोबरच असतं असं नाही. पण त्या २३ पैकी १० चुका रुग्णालयाच्या कागदपत्रांत सापडल्याच नाहीत! २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

इकडे सॉरेल किंग स्वस्थ बसल्या नाहीत. त्या गावोगावच्या डॉक्टरांना जोसीची हकिगत सांगू लागल्या. २००५ मध्ये पिट्सबर्गच्या एका रुग्णालयानं त्यावरून एक फोन नंबरच ठेवला. रुग्णाच्या घरच्यांनी तो फिरवला, की डॉक्टरांचं पथक धावत येतं.

आपल्याकडे ‘सिस्टर, हे औषध कशाचं?’ एवढं विचारतानाही पुष्कळ आया बिचकतात. डॉक्टर रागावतील, ही भीती! तेव्हा थोडं काम तुम्हीच करा. औषध घेण्याआधी आपलं पूर्ण नाव खणखणीत सांगा. आणि कुठल्या औषधानं तुमच्या अंगावर पित्त उठतं, ते आजच आईला विचारून एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. रात्री दोन वाजता दवाखान्यात धावताना तिला ते नाव आठवेलच असं नाही.