नेमाची तिवई

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यपत्रावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि त्यावर मारायचा छर्रा 4.5 मिलिमीटरचा. छर्रा ठिपक्याहून नऊपट रुंद, तरी तो हुकतो. हुकला की प्रश्न पडतो, दोष कोणाचा? साइट सरकली होती, छर्र्यांची डबी वाईट निघाली, की चाप ओढताना श्वास हलला? उभ्याने मारलेल्या छर्र्यांवरून हे कळत नाही, कारण हे सगळे दोष लक्ष्यपत्रावरच्या एकाच भोकात मिसळलेले असतात. ते वेगळे करायचे तर माणसाची थरथर बाजूला काढावी लागते. त्यासाठी लागते नेमबाजीचे टेबल, म्हणजे शूटिंग बेंच. ते विकत घेता येते, पण रायगडमधल्या कर्जत-खालापूरच्या कोणत्याही चांगल्या सुताराकडून आणि फॅब्रिकेशनवाल्याकडून करूनही घेता येते.

या टेबलाचे काम समजायला थोडे गणित पुरते. रायफलीचा पुढचा भाग एका वाळूच्या पिशवीवर असतो आणि दस्ता मागच्या पिशवीवर. दोन्ही पिशव्यांत 60 सेंटीमीटर अंतर धरू. पुढची पिशवी फक्त एक मिलिमीटर खचली, तर छर्रा 10 मीटरवर सुमारे 17 मिलिमीटर खाली लागतो. 50 मीटरवर तोच फरक 83 मिलिमीटर होतो. उलट अख्खे टेबल एक मिलिमीटर सरळ खाली गेले, तर लक्ष्यावरचा फरकही एक मिलिमीटरचाच. म्हणजे टेबल किती जड आहे यापेक्षा ते कलते का, हा खरा प्रश्न आहे. पुढचे सगळे निर्णय याच एका प्रश्नातून निघतात.

पहिला निर्णय पायांचा. पाय तीनच हवेत. कर्जत-खालापूरची जमीन सपाट नाही. भाताची खाचरे, त्यांचे बांध, मधूनच वर आलेला काळा कातळ, दिवाळीनंतर वाळून भेगाळलेली माती. अशा जागी चार पायांच्या टेबलाचा एक पाय अधांतरी राहतो आणि मग खाली चिपा ठोकत बसावे लागते. चुलीच्या तीन दगडांवर ठेवलेले भांडे जसे जमीन कशीही असली तरी डुगडुगत नाही, तसेच हे टेबल. तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते, त्यामुळे तिन्ही पाय नेहमी टेकलेलेच राहतात. मात्र तिवईला एक पथ्य आहे. भार तीन पायांच्या त्रिकोणाबाहेर गेला की ती उलटते. म्हणून पाय सरळ खाली न सोडता दहाएक अंश बाहेर फाकवावे लागतात.

दुसरा निर्णय वरच्या फळीचा. आठ बाय चार फुटांच्या प्लायच्या एका शीटमधून चार बाय तीन फुटांच्या दोन फळ्या निघतात आणि उरलेल्या दोन फुटी तुकड्याच्या खालून लावायच्या पट्ट्या होतात. दोघांनी मिळून शीट घेतली तर काहीच वाया जात नाही. जाडी 18 किंवा 19 मिलिमीटर असावी. उजव्या हाताच्या नेमबाजासाठी फळीच्या मागच्या बाजूला डावीकडे खाच काढतात. नेमबाज त्या खाचेत बसतो आणि उजव्या कोपराला टेकायला फळीचा उजवा भाग मागे लांब राहतो. डावखुऱ्यासाठी खाच उजवीकडे. पुढचे दोन्ही कोपरे तिरके कापले की वजन घटते आणि काही बिघडत नाही. एक पाय पुढे नळीखाली, दुसरा उजव्या लांब भागाखाली, तिसरा डावीकडे खाचेच्या लगेच पुढे. कोपरांचा आणि छातीचा भार मागे पडतो, म्हणून दोन पाय मागे.

टेबल सहज हलवता येण्यासाठी पाय सुटे हवेत. इंचभर व्यासाच्या जीआय पाइपला आटे पाडून घ्यायचे, फळीखाली फ्लँज बसवायची आणि पाय हाताने फिरवून आत घालायचा. पायांचा तिरकेपणा साधण्यासाठी फ्लँज आणि फळी यांच्यामध्ये लाकडी पाचर बसते. वरचेवर काढघाल केली की आटे झिजतात आणि सूक्ष्म खेळ येतो. त्यावर उपाय प्लंबरच्या डब्यातच असतो. प्रत्येक पायावर एक चेकनट चढवायचा आणि पाय बसला की तो फ्लँजला घट्ट आवळायचा. पायांच्या तळाला चार इंची लोखंडी चकती वेल्ड केली की मऊ मातीत पाय रुतत नाही. सगळे मिळून वजन वीस किलोच्या आसपास राहते. एका माणसाला ते दोन खेपांत उचलता येते. खोपोलीला पोलादाच्या कारखान्यांची जुनी ओळख आहे आणि फार्महाउसांच्या कामामुळे कर्जत-नेरळच्या सुतारांचा हातही बसलेला आहे. या कामातले एकही अंग त्यांना नवे नाही.

त्यांना वेगळे सांगावे लागते ते पावसाचे. सह्याद्रीच्या पायथ्याशी चार महिने हवा ओलीच असते. साधा कमर्शियल प्लाय एका पावसाळ्यात कडांनी फुगतो आणि फळीची पातळी जाते. म्हणून वॉटरप्रूफ प्लाय घ्यावा, कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोके ऑइल पेंटने बंद करावीत, स्क्रू स्टेनलेसचे वापरावेत. पिशव्यांतली वाळूही दमट होते आणि दगडासारखी घट्ट बसते. ती चाळून, उन्हात कडकडीत वाळवून जुन्या जीनच्या कापडात शिवावी आणि पावसाळ्यात प्लास्टिकच्या डब्यात ठेवावी.

बसायचे स्टूल टेबलाला जोडू नये. शरीराची प्रत्येक हालचाल मग थेट फळीत उतरते. टेबलाची उंची 75 ते 80 सेंटीमीटर आणि स्टुलाची 45 च्या आसपास असली की पाठ वाकत नाही. नेमबाज मूल असेल तर त्याच्या मापाचे उंच स्टूल द्यावे.

बेंचवर बसूनही एक चूक बहुतेक जण करतात. आपल्याकडे परवडणाऱ्या बहुतेक एअर रायफली स्प्रिंगच्या असतात. चाप ओढला की आतला पिस्टन पुढे धावतो, त्यामुळे रायफल आधी मागे आणि मग पुढे हिसकते, आणि हे सगळे छर्रा नळीत असतानाच घडते. अशी रायफल थेट कडक पिशवीवर ठेवली तर ती प्रत्येक वेळी वेगळी उसळते. तिच्यासाठी पिशवीवर आपला तळहात उताणा ठेवावा आणि रायफल त्यावर सैल सोडावी. दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या मॅच रायफलीला हा त्रास जवळजवळ नसतो.

मग खरे काम सुरू होते. पाच-पाच छर्र्यांचे ग्रुप मारायचे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. छर्र्यांच्या डब्यांवर 4.49, 4.50, 4.51 अशी मापे असतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हा फरक एखाद्या नळीला चालतो, एखादीला चालत नाही, आणि ते बेंचवरच कळते. तारीख, छर्रा, हवा वहीत लिहावी. एनसीसीत रेतीच्या पोत्यावर .22 रायफल टेकवून ग्रुपिंग केलेल्या मुलांना ही शिस्त परकी नाही. झिरो मिळाला, म्हणजे साइट आणि छर्रा यांचा मेळ बसला, की उठून उभ्यानेही तो तपासावा, कारण हातातली रायफल पिशवीवरच्या रायफलीसारखी वागत नाही. ऑलिंपिकमध्ये गुण मिळतात ते उभ्याने, गुडघ्यावर आणि पालथे पडून मारलेल्या नेमाचे. बेंच तिथे नेत नाही. उभे राहण्याआधी हत्याराबद्दलची शंका मात्र तो मिटवतो.

कायद्याची मर्यादाही स्पष्ट आहे. आर्म्स रूल्स 2016 नुसार 20 जूलपेक्षा कमी ऊर्जेच्या .177 (4.5 मिलिमीटरच्या) एअर रायफलीला परवाना लागत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 175 मीटर वेगाने सुटला तर त्याची ऊर्जा आठ जूलच्या आत असते. पण तेवढी डोळा फोडायला पुरेशी आहे. मागे मातीचा भक्कम भराव, डोळ्यांवर चष्मा आणि जवळ जाणते माणूस असल्याशिवाय टेबल मांडूच नये. .22 रायफलीला परवाना आणि मान्यताप्राप्त रेंज, दोन्ही लागतात. आणि पक्षी किंवा शेकरू हे लक्ष्य नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. माथेरान आणि भीमाशंकरच्या जंगलांच्या सावलीत राहणाऱ्यांनी हे मुलांना पहिल्या दिवशीच शिकवायला हवे.

या टेबलाचे सर्वांत मोठे काम मात्र वेगळेच आहे. पॅरा नेमबाजीत व्हीलचेअरवरून खेळणारा खेळाडू प्रोन म्हणजे पालथ्या प्रकारात दोन्ही कोपरे टेबलावर टेकवतो आणि नीलिंग म्हणजे गुडघ्यावरच्या प्रकारात एक. ज्यांच्या हातांना रायफलीचा भार पेलवत नाही, अशा एसएच-2 गटातल्या खेळाडूंना रायफल स्प्रिंग बसवलेल्या स्टँडवर ठेवण्याची मुभा असते. पॅरा नेमबाज अवनी लेखरा हिने 2021 मध्ये टोकियो पॅरालिंपिकमध्ये 10 मीटरचे सुवर्ण जिंकले आणि त्यानंतर 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य. त्या कांस्यातल्या प्रोन आणि नीलिंगला टेबलाचा आधार होता. तिच्या प्रशिक्षक सुमा शिरूर. 2004 मध्ये आशियाई नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेत 400 पैकी 400 गुण मारून विश्वविक्रमाची बरोबरी करणाऱ्या, त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणाऱ्या, आणि 2022 मध्ये पॅरा नेमबाजीसाठी द्रोणाचार्य पुरस्कार मिळालेल्या. त्यांचा लक्ष्य शूटिंग क्लब पनवेलमध्ये आहे, म्हणजे खालापूरच्या शेजारच्याच तालुक्यात. आपल्याच राज्यातल्या कोल्हापूरचा पॅरा नेमबाज स्वरूप उन्हाळकरही टोकियोत 10 मीटर एअर रायफलमध्ये चौथा आला होता.

गुणवत्ता इतक्या जवळ असताना आपल्या शाळांच्या क्रीडा साहित्यात असे एकही टेबल नसावे, हे पटणारे नाही. कर्जत आणि खालापूरच्या मुख्याध्यापकांना, क्रीडाशिक्षकांना आणि हात चांगला असलेल्या सुतारांना एवढेच सांगणे आहे की प्लायच्या एका शीटमधून दोन टेबले निघतात. एक सरावासाठी ठेवा. दुसऱ्याची खाच व्हीलचेअर आत शिरेल इतकी रुंद कापा, पाय त्या मापाने लांब फाकवा, आणि ज्या मुलाला आजवर मैदानाच्या कडेला बसवून ठेवले, त्याला त्या टेबलाशी बोलवा.