सिकलसेल : दुखणे हाडात, दोष पेशीत

रविवारची वंदना आटोपल्यावर एक ताई विहाराच्या पायरीवर थांबल्या. माहेर-सासर दोन्ही भंडारा जिल्ह्यातले, भाईंदरला येऊन बारा वर्षे झालेली. त्यांच्या नववीतल्या मुलीचे हातपाय अधूनमधून इतके दुखतात की ती रात्रभर कण्हते. थंडी पडली की जास्तच. कुणी वाढीच्या वयाचे दुखणे म्हणून सोडून दिले, कुणी रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. आता त्यांच्या हातात एक छापील पत्रक होते : स्टेम सेलचे इंजेक्शन, तीन लाख रुपये, हप्त्यांची सोय. "गावाकडं थोडं शेत आहे. विकावं का?" त्यांनी विचारले.

आम्ही म्हणालो, ताई, शेत राहू द्या. आधी मुलीच्या रक्ताची एक तपासणी करून घ्या. ती तपासणी कोणती आणि का, हे कळायला पेशी म्हणजे काय ते थोडे समजून घ्यावे लागते.

आपले शरीर सुमारे 30 लाख कोटी पेशींचे बनले आहे. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत स्टीलची भांडी बनतात, आपल्या कितीतरी घरांतली माणसे तिथे राबतात. पेशी म्हणजे तसाच एक गाळा समजा. बाहेरच्या पातळ पडद्यातून काय आत घ्यायचे, काय बाहेर टाकायचे ते ठरते. आत वीज पुरवणारी यंत्रे आहेत, ती अन्न आणि प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करतात. माल बनवणारी यंत्रे आहेत, त्यांचा माल म्हणजे प्रथिने. आणि मधल्या बंद खोलीत, म्हणजे केंद्रकात, सगळ्या मालाच्या डाय जपून ठेवलेल्या असतात. त्यांनाच जनुके म्हणतात. डायला बारीकसा पोचा असला तर तिच्यावर निघणाऱ्या प्रत्येक वाटीला तोच पोचा येतो. वाटी कितीही घासा, पोचा जात नाही.

रक्तातल्या लाल पेशी हिमोग्लोबिन नावाच्या प्रथिनाने भरलेल्या असतात. फुप्फुसातला प्राणवायू अंगभर पोचवणे हे त्यांचे काम. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या डायमध्ये एका अक्षराची चूक असते. तेवढ्यामुळे प्राणवायू सोडल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही आणि कळा सुरू होतात. साधी लाल पेशी सुमारे 120 दिवस टिकते, विळ्यासारखी पेशी जेमतेम 10 ते 20 दिवस. म्हणून रक्त कमी दिसते. लोहाच्या गोळीने डाय दुरुस्त होत नाही. लोह खरोखर कमी आहे का, हे तपासूनच ती घ्यावी.

या लाल पेशी बनतात हाडांच्या मगजात. तिथे मूळ पेशी असतात. याच त्या स्टेम सेल. त्या स्वतःसारख्या नव्या मूळ पेशीही बनवतात आणि त्यांच्यापासून लाल, पांढऱ्या अशा सर्व रक्तपेशीही तयार होतात. निरोगी माणसाच्या मगजात दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास लाल पेशी तयार होतात. पोचा असलेली डाय या मूळ पेशींतच असते.

मग पत्रकातले इंजेक्शन? मुलीच्याच अंगातल्या मूळ पेशी काढून तशाच परत टोचल्या, तर डाय तीच राहणार. बाळाच्या नाळेचे रक्त पैसे भरून साठवा म्हणणारेही येतात. सिकलसेल असलेल्या बाळाच्या नाळेतही तीच चूक असते. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मूळ पेशींचा वापर रक्ताच्या आजारांसारख्या मोजक्या मान्य उपचारांतच करायचा आहे. बाकी सगळे संशोधनात मोडते, आणि संशोधनासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. हप्त्यांची सोय दिसली की हे आठवावे.

खरा उपाय मगज प्रत्यारोपणाचा. दुसऱ्या माणसाच्या जुळणाऱ्या मूळ पेशी द्यायच्या. सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. धोका असतो, प्रत्येकाला तो करावा लागतही नाही. बहुतेकांचे आयुष्य हायड्रॉक्सियुरिया या साध्या गोळीने, भरपूर पाण्याने, थंडीपासून जपण्याने आणि ताप आला की लगेच दवाखाना गाठण्याने बरेच सुसह्य होते. गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. रुग्णाच्याच मूळ पेशींतले जनुक बदलून त्या परत देण्याचा उपचार ब्रिटन-अमेरिकेत 2023 मध्ये मंजूर झाला. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर आहे, म्हणून आपल्यासाठी तूर्त ती बातमीच.

आता एक बोचणारी गोष्ट. विदर्भात हा आजार आदिवासींत आणि आपल्या समाजात बराच आढळतो. म्हणून काही जण तो जातीचा आजार असल्यासारखे बोलतात, आणि आपलीच माणसे मुलीचे लग्न मोडेल म्हणून रिपोर्ट लपवतात. पण हा आजार आफ्रिकेत आहे, सौदी अरेबियात आहे, ग्रीसमध्येही आहे. जिथे मलेरिया फार होता तिथे तो टिकला, कारण एकच सदोष जनुक असलेल्या माणसाला, म्हणजे वाहकाला, गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळते. मग माणसे जातीतल्या जातीतच लग्ने करत राहिली आणि जनुक तिथेच फिरत राहिले. जातीचे मूळ या कोंडलेल्या लग्नव्यवहारात आहे, हे बाबासाहेबांनी 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात मांडले होते.

वाहक आजारी नसतो, त्याला बहुधा काही जाणवतही नाही. मात्र नवरा-बायको दोघे वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. पत्रिका जुळवणे आपण सोडले ते बरेच झाले, पण ठरवाठरवीच्या आधी दोघांची ही तपासणी व्हावी. आधी सोल्युबिलिटी, मग पक्के निदान करायला एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस. नेहमीच्या सीबीसीत वाहक कळत नाही. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 ला सुरू झाली आहे, 40 वर्षांपर्यंतच्यांची तपासणी तिच्यात येते. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात आधी विचारा. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची एनआयआयएच ही रक्तविकारांची संस्था आहे. मुलांच्या मगज प्रत्यारोपणाचे मुंबई महापालिकेचे केंद्र तर बोरिवली पूर्वेला, मीरा रोडपासून दोन स्टेशनांवर. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. गावाकडे पूर्वी सिकलसेलचे कार्ड मिळाले असेल तर तेही शोधून ठेवा.

त्या ताईंच्या मुलीला सिकलसेलच निघाला, आई-वडील दोघे वाहक. गोळ्या सुरू झाल्या आहेत, शेत शाबूत आहे. धाकटा भाऊ सहावीत आहे. त्याचे जुळते का हे पाहायचे ठरले, तेव्हा त्याने आम्हाला विचारले, "माझ्यातलं काढलं तर माझं संपेल का?" नाही, बाळा, मूळ पेशी आहेत त्या, काही आठवड्यांत पुन्हा भरून येतात. आणि तू स्वतः वाहक निघालास तरी ताईला देऊ शकतोस.