इमारतीवरील बंबाच्या जोडण्या आणि आपले कर्तव्य

अग्नीपासून मालाचे रक्षण म्हटले की आपणा व्यापाऱ्यांस प्रथम विमा आठवतो. विम्याने मालाची किंमत भरून येईल. परंतु आपल्या पेठांतील अनेक इमारतींत खाली दुकान, मागे वखार आणि वरच्या मजल्यांवर बिऱ्हाडे असतात. तेथे निजलेल्या माणसांची भरपाई कोणताही विमा करू शकत नाही. म्हणून ज्या साधनावर त्यांचे प्राण अवलंबून आहेत, त्याविषयी सभासद बंधूंपुढे काही विचार मांडीत आहे.

ज्या मोठ्या इमारतींत ही व्यवस्था आहे, तेथे तळापासून गच्चीपर्यंत एक लोखंडी उभा नळ असतो. त्याचे तोंड बाहेरच्या भिंतीवर, जमिनीपासून हाती येईल इतक्या उंचीवर असते. अग्निशामक दलाचे जवान बंबाची नळी तेथे जोडून पंपाने पाणी वर चढवितात. मजल्यामजल्यावर या नळास हायड्रंटचा व्हॉल्व्ह असतो. तेथे दुसरी नळी जोडून आगीवर पाण्याचा मारा केला जातो. काही इमारतींत हा नळ सदैव भरलेला असतो, तर काहींत तो एरवी कोरडा राहतो.

कोरड्या नळाचा दोष सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. समजा, पहिल्या मजल्यावरील व्हॉल्व्ह कोणी काढून नेला. एरवी तेथून थेंबही गळत नाही. परंतु आग चौथ्या मजल्यावर लागली, तर बंबाने चढविलेले पाणी पहिल्याच मजल्यावर उसळून बाहेर पडेल आणि वर धार पोहोचणार नाही. शिवाय ते पाणी वखारीत शिरेल. धान्य भिजून फुगले म्हणजे थप्प्या ढासळतात व भिंतींवरही जोर येतो, तो अनर्थ निराळाच.

या जोडण्या पितळ अथवा तोफधातूच्या असल्यामुळे मोडीच्या मोलासाठी चोरीस जातात. मालमोटारीच्या धक्क्याने काही वाकतात. टोपण नाहीसे झाले की उघड्या तोंडात खडे, कागद व सुतळीचे तुकडे जमतात. कित्येक ठिकाणी पोत्यांची थप्पीच त्यापुढे लावलेली असते. एका व्यापारी संकुलात तर नळीच्या लाल पेटीत झाडू व जुन्या पावत्या ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत.

हरवलेल्या भागाच्या जागी हाती येईल तो भाग बसवून भागत नाही. इ. स. १९०४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी मोठी आग लागली. शेजारच्या शहरांतून बंब धावून आले; पण त्यांच्या नळ्या तेथील हायड्रंटांस बसेनात. १५०० हून अधिक इमारती भस्मसात झाल्या. आपल्याकडे भारतीय मानकानुसार ६३ मिलिमीटरची, दाबताच अडकणारी जोडणी रूढ आहे. तीच घ्यावी.

जोडणी मोडलेली वा नाहीशी झालेली आढळल्यास पुढीलप्रमाणे वागावे :

१. त्याच दिवशी अग्निशामक केंद्रास व इमारतीतील रहिवाशांस कळवावे. चोरी असल्यास पोलिसांत वर्दी द्यावी.

२. उघड्या तोंडात चिंध्या वा लाकडी खुंटी ठोकू नये. ती आत सरकली तर नळच बंद पडतो.

३. दुरुस्ती होईपर्यंत त्या मजल्यावर अग्निशामक सिलिंडर अधिक ठेवावेत व रात्रीचा पहारा वाढवावा.

४. काम जाणत्या ठेकेदाराकडूनच करवून घ्यावे आणि नंतर पाणी चढवून सर्व मजले तपासावेत.

५. जोडणीतील रबरी वॉशर सुकला वा चिरला असल्यास बदलावा. त्यास यंत्राचे तेल लावू नये. तेलाने रबर बिघडते.

६. टोपणास साखळी लावावी आणि जोडणीपुढील जागा सदैव मोकळी ठेवावी.

महाराष्ट्रात २००६ च्या कायद्यान्वये, अग्निप्रतिबंधक व्यवस्था सुस्थितीत असल्याचा परवानाधारक संस्थेचा दाखला दरवर्षी जानेवारीत व जुलैत द्यावा लागतो. अन्य प्रांतांतील सभासदांनी आपापल्या स्थानिक केंद्राकडे नियम विचारावेत. पण कायदा काही असो, महिन्यातून एकदा टोपण उघडून पाहण्यास कोणाची आज्ञा कशास हवी? हे काम एका माणसाकडे सोपवून तारीखवार नोंद ठेवावी. सर्वांचे काम ते कोणाचेच नसते.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीतील स्फोटात अग्निशामक दलाच्या अनेक जवानांनी प्राण वेचले. त्यांच्या स्मरणार्थ त्या दिवसापासून दरवर्षी अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्या सप्ताहात प्रत्येक सभासदाने आपल्या इमारतीतील जोडण्या एकदा तपासून घ्याव्यात, अशी विनंती आहे. आपल्या धर्मात प्रमादास हिंसेचे मूळ मानले आहे. वखारीस आग लागली तर माणसांबरोबर असंख्य मुके जीवही होरपळतात. टोपण उघडून पाहण्याचा आळस हा प्रमादच होय, आणि तो टाळणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.