केळ्याची वेळ

अमेरिकेतल्या एका कारखान्यात डोनाल्ड रॉय हे समाजशास्त्रज्ञ कामगार म्हणून यंत्रावर राबत होते. तेच यंत्र, तीच हालचाल, रोजचे १२ तास. सुरुवातीला तर ते पार कंटाळून गेले.

हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की सोबतचे कामगार दिवसाचे तुकडे पाडतात. सॅमी रोज डब्यात केळं आणायचा. आइक ते रोज लंपास करून, ‘केळ्याची वेळ झाली!’ असं ओरडत मटकावायचा. सॅमी चिडायचा. तरी दुसऱ्या दिवशी केळं हजर!

रॉय यांचा हा अभ्यास १९५९-६० मध्ये प्रसिद्ध झाला. असल्या थट्टामस्करीमुळेच ते कंटाळवाणं काम सुसह्य होत होतं, असं त्यांनी दाखवलं.

पण गंमत वरून लादली तर? ईथन मॉलिक आणि नॅन्सी रॉथबार्ड या संशोधकांनी एका कंपनीच्या विक्री विभागात बास्केटबॉलवर बेतलेला खेळ सुरू केला. ज्यांना तो मनापासून पटला, ते कामावर अधिक खूश दिसले. ज्यांना पटला नाही, त्यांचा मूड उलट बिघडला. म्हणूनच खेळ ठरवण्याआधी एचआरने कर्मचाऱ्यांना विचारायलाच हवं.

फ्रान्समध्ये तर लादलेल्या गमतीचा वाद कोर्टात गेला. कंपनीच्या मौजमजेत सामील न होणाऱ्या कर्मचाऱ्याची बडतर्फी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये चुकीची ठरवली.