मोठं हेलिकॉप्टर घ्यायचंय? आधी सहा आठवडे थांबा

नाशिकरोड, उपनगर, जेलरोड या पट्ट्यात वाढलेल्या पोरांना हेलिकॉप्टरचं अप्रूप नसतं, असं बाहेरच्यांना वाटतं. खरं उलट आहे. गांधीनगरला लष्कराचं कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल आहे, २००३ पासून. लष्कराचे हेलिकॉप्टर पायलट इथे घडतात. त्यामुळे गच्चीवर कपडे वाळत घालताना डोक्यावरून चीता किंवा चेतक जातं, आणि आपण हातातलं सगळं सोडून वर बघतो. रोज बघितलं तरी रोज बघतो.

मग एक दिवस कुणीतरी वाढदिवसाला तळहाताएवढं रिमोटचं हेलिकॉप्टर देतं. हॉलमध्ये पंख्याला, पडद्याला, आईच्या तुळशीला आपटत आपण ते शिकतो. दोन महिन्यांत ते टीपॉयवर बरोबर उतरवता यायला लागतं. आणि मग तो विचार येतो, 'आता मोठं घेऊ या!'

तुमच्या डोक्यात हा विचार असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. कारण माझ्याही डोक्यात होता. माझ्या आधी तो माझ्या मामेभावाच्या डोक्यात होता, आणि त्याचं काय झालं ते मी दहा पावलांवरून पाहिलंय.

चार सेकंद

मामेभाऊ सिन्नरला इंजिनीअरिंगला. त्याने ४५० साइजचं सेकंडहँड हेलिकॉप्टर घेतलं, १४ हजारांना, दिवाळीचे आणि ट्यूशन घेऊन साठवलेले सगळे पैसे घालून. रविवारी सकाळी आम्ही गावाबाहेरच्या मोकळ्या शेतात गेलो. छोटं उडवायची सवय होती, त्यामुळे त्याने हळूहळू थ्रॉटल वाढवला. स्किडचं टोक गवतात अडकलं, हेलिकॉप्टर एका बाजूला कललं. घाबरून त्याने स्टिक आणखी वर ढकलली. खेळण्याच्या हेलिकॉप्टरला तीच सवय लागते ना, पडायला लागलं की वर घ्यायचं.

पाती जमिनीवर आपटली. सगळं मिळून चार सेकंद. पात्याचा तुकडा माझ्या सॅकमध्ये घुसला. सॅक माझ्या पायाशी होती. पाती, मेन शाफ्ट, गिअर आणि शेपटीची नळी मिळून २,३०० रुपयांचा खर्च निघाला. पण घरी येताना आम्ही दोघंही पैशांबद्दल बोलत नव्हतो.

फरक आकाराचा नाही, जातीचा आहे

छोट्या हेलिकॉप्टरमध्ये बहुतेक वेळा पात्यांचा कोन ठरलेला असतो. याला फिक्स्ड पिच म्हणतात. वर जायचं तर पाती जोरात फिरवायची, खाली यायचं तर हळू. सोपं आहे, पण प्रतिसाद सुस्त, आणि जरा वारा सुटला की ते पतंगासारखं वाहत जातं.

मोठी हेलिकॉप्टरं कलेक्टिव्ह पिच असतात. इथे पात्यांचा वेग जवळपास कायम राहतो, बदलतो तो कोन. स्वॉशप्लेट नावाची तबकडी वर-खाली होते, कलते, आणि त्याप्रमाणे पाती हवा कापतात. गांधीनगरहून उठणारं चेतक याच तत्त्वावर उडतं. म्हणून वाऱ्यातही ते घट्ट उभं राहतं. पण स्टिकच्या जराशा हालचालीला ते लगेच उत्तर देतं. तुमची चूकसुद्धा ते तितक्याच तत्परतेने अमलात आणतं.

ड्रोन उडवलाय म्हणून हे जमेल, असंही समजू नका. कॅमेरा ड्रोनच्या स्टिक सोडल्या की तो जीपीएसच्या आधाराने जागेवर थांबतो. साधं आरसी हेलिकॉप्टर असं थांबत नाही, त्याला क्षणोक्षणी सावरावं लागतं.

'मोठं घे, सोपं जातं' हे अर्धंच खरं

तुम्हाला कुणीतरी हा सल्ला देणारच. त्यात तथ्य आहे. जड यंत्र हवेत शांत असतं, दचकत नाही. लांबून त्याचं तोंड कुठे, शेपूट कुठे हे नीट दिसतं. नवख्याचे बरेच अपघात तोंड-शेपटीच्या गोंधळातच होतात.

पण उरलेलं अर्धं ऐका. ४५० साइजच्या हेलिकॉप्टरच्या पात्यांचा घेर साधारण ७० सेंटिमीटर असतो. ती मिनिटाला २,८०० वेळा फिरली, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे जातो. वाटल्यास स्वतः गणित करून बघा. ७०० साइजला घेर दीड मीटरच्या वर आणि पाती कितीतरी जड. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका बागेत १९ वर्षांचा मुलगा स्वतःच्याच आरसी हेलिकॉप्टरचं पातं डोक्याला लागून जागीच गेला. तो नवखा नव्हता, चांगला उडवणारा होता. हे घाबरवायला सांगत नाही. पण 'खेळणं' हा शब्द इथून पुढे विसरा.

आकड्यांचा घोळ

४५०, ५००, ६००, ७०० हे आकडे म्हणजे पात्याची लांबी, असं सगळ्यांना वाटतं. ६०० आणि ७०० मध्ये ते बरोबर आहे, पाती तितक्याच मिलिमीटरची असतात. पण ४५० चं पातं असतं ३२५ मिलिमीटरचं आणि ५०० चं ४२५ चं. ही जुनी वर्गवारी आहे, तैवानच्या अलाइन कंपनीच्या टी-रेक्स मालिकेने ती घराघरांत नेली. त्यामुळे पाती मागवताना साइज नको, मिलिमीटर सांगा.

पहिलं मोठं म्हणून माझं मत ४५० ला. अंगणात मावणार नाही इतकं मोठं, पण एक चूक झाली तर महिन्याचा खर्च कोलमडणार नाही इतकं लहान. तीन सेलची २,२०० एमएएचची बॅटरी त्याला चालते, आणि ती इतर मॉडेल विमानांतही वापरली जात असल्याने सहज मिळते.

दोन किलोची रेघ

आकार निवडताना आणखी एक गोष्ट बघा, ती म्हणजे कायदा. ड्रोन रूल्स २०२१ मध्ये रिमोटवर उडणाऱ्या यंत्रांचे वजनाप्रमाणे गट आहेत. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, तिथून २ किलोपर्यंत मायक्रो, २ ते २५ किलो स्मॉल. हौसेसाठी, डोळ्यांसमोर उडवायच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. मायक्रो गटात, धंद्यासाठी उडवत नसाल तर, रिमोट पायलट सर्टिफिकेटही लागत नाही. पण २ किलो ओलांडले की ते लागतं. ४५० बॅटरीसकट किलोच्या आत बसतं. ६०० तीन किलोच्या पुढे जातं. म्हणजे थेट ६०० घेणाऱ्याने आधी अधिकृत केंद्रातून ट्रेनिंग घ्यायला हवं.

याशिवाय नोंदणी करून ओळख क्रमांक घेणं आणि दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा, या गोष्टी २५० ग्रॅमच्या वर गेलात की तुमच्या जबाबदारीत येतात. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुट्या भागांना मोकळीक आहे. परदेशातून अख्खं हेलिकॉप्टर मागवायला गेलात तर ते कस्टम्समध्ये अडकू शकतं. म्हणून देशातल्या विक्रेत्याकडून घ्या. आणि घेण्याआधी एकच प्रश्न विचारा, 'याची पाती, मेन शाफ्ट आणि फेदरिंग शाफ्ट आत्ता तुमच्याकडे आहेत का?' उत्तर 'मागवून देऊ' आलं तर दुसरं मॉडेल बघा. स्पेअर नसलेलं कितीही भारी मॉडेल पहिल्या अपघातानंतर माळ्यावर जातं.

पैसे कुठे घालायचे

सगळे पैसे हेलिकॉप्टरमध्ये घालू नका. साधारण निम्मे त्यात, उरलेले बाकीच्या गोष्टींत. त्यातली पहिली म्हणजे ट्रान्समीटर, म्हणजे रिमोट. हेलिकॉप्टरं बदलतील, रिमोट पाच-सहा वर्षं तोच राहील. किमान सहा चॅनल आणि हेलिकॉप्टरसाठी सेटिंग असलेलाच घ्या. मग चांगला बॅलन्स चार्जर, दोन बॅटऱ्या, पात्यांचे दोन जादा जोड, आणि बरे हेक्स ड्रायव्हर. स्वस्त ड्रायव्हरने स्क्रूचं डोकं झिजतं आणि मग दहा रुपयांच्या स्क्रूसाठी अख्खा रविवार जातो.

शक्य असेल तर 'रेस्क्यू' असलेला फ्लायबारलेस कंट्रोलर घ्या. गोंधळ झाला की एक बटण, आणि हेलिकॉप्टर स्वतःला सरळ करतं. जमिनीपासून अर्ध्या फुटावर त्याचा उपयोग नाही, पण उंचीवर तो तुमचे हजारो रुपये वाचवेल.

सेकंडहँड घेताय? बॅटरी काढून ठेवा आणि पाती हाताने फिरवा. खरखर आली तर बेअरिंग गेलंय. पाती फिरताना वरची दांडी डुलत असेल तर शाफ्ट वाकलाय. पात्यावर बारीकशी चीर दिसली तरी ती पाती टाकून द्या. बॅटरी फुगलेली असेल तर फुकटसुद्धा घेऊ नका.

होस्टेलवाल्यांनो, हे दोनदा वाचा

लिथियम पॉलिमर बॅटरी मोबाइलच्या बॅटरीइतकी गरीब नसते. २,२०० एमएएचची असेल तर २.२ अँपिअरवर चार्ज करा. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला भरतो, त्यापुढे नाही. आठवडाभर उडवायचं नसेल तर ३.८ च्या आसपास ठेवा. चार्जिंगला लावून झोपायचं नाही, मेसला जायचं नाही. गादीवर ठेवायची नाही. फरशीवर, लिपो बॅगमध्ये, नजरेसमोर. एवढंच.

ते सहा आठवडे

आता शीर्षकातली गोष्ट. सिन्नरच्या त्या सकाळनंतर आम्ही हेलिकॉप्टर दुरुस्त केलं आणि गुंडाळून ठेवलं. रिमोट लॅपटॉपला जोडला, सिम्युलेटर टाकला. रोज वीस मिनिटं, परीक्षा असो वा नसो. पहिल्या आठवड्यात मी इतक्या वेळा आपटले की मोजणं सोडून दिलं. प्रत्येक वेळी खर्च शून्य.

क्रम सांगते. आधी शेपूट आपल्याकडे ठेवून एका जागी स्थिर राहणं. मग डावी बाजू, उजवी बाजू. सगळ्यात शेवटी तोंड आपल्याकडे. इथे डावं-उजवं उलटं होतं आणि मेंदू संप पुकारतो. चारही दिशांना एकेक मिनिट हातातून न निसटता जमलं, की मैदानात जा. आणखी एक सवय बोटात बसवा, थ्रॉटल होल्ड. गडबड झाली की स्टिक वर नाही, होल्डचं बटण. मोटर बंद. हेलिकॉप्टर पडेल, मोडेल, पण पाती जोर लावून जमीन खणत बसणार नाहीत. मामेभावाला त्या दिवशी एवढंच माहीत असतं, तर माझ्या सॅकला भोक पडलं नसतं.

नाशिकमध्ये कुठे?

गच्चीवर नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये नाही. सकाळी चालायला येणाऱ्यांनी भरलेल्या गोल्फ क्लब मैदानावर तर नाहीच.

आपलं शहर या बाबतीत जरा अवघड आहे. एकीकडे गांधीनगरचं विमानतळ, दुसरीकडे ओझरला एचएएल आणि विमानतळ, तिसरीकडे देवळालीचा तोफखान्याचा परिसर. डिजिटल स्कायच्या नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे भाग दाखवलेत. लाल म्हणजे केंद्राच्या परवानगीशिवाय बंद. पिवळ्यात हवाई नियंत्रण कक्षाची परवानगी. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत मोकळीक, पण चालू विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंतच. नकाशा बदलत असतो, त्यामुळे जायच्या दिवशी पुन्हा बघा. पोलीस आयुक्तालयाचे मनाई आदेश निघालेत का तेही बघा. ज्याचं शेत त्याला विचारा. आणि द्राक्षबागेच्या जवळ नको. तारांत अडकलेलं हेलिकॉप्टर काढताना मालक काय म्हणतो, ते इथे छापता येणार नाही.

आम्ही ओळखीच्यांच्या पडीक, सपाट जागेवर गेलो. सकाळी साडेसहा, वारा नाही. गवतात स्किड अडकू नये म्हणून जमिनीवर जुनी रबरी मॅट. स्किडखाली चार टोकांना चेंडू असलेल्या काड्यांचं ट्रेनिंग गिअर, म्हणजे कललं तरी लगेच उलटत नाही. आम्ही दोघं पंधरा पावलं मागे, समोर कुणी नाही.

मामेभावाने रिमोट माझ्या हातात दिला. का, ते मी विचारलं नाही. हेलिकॉप्टर गुडघ्याएवढं उठलं, डावीकडे सरकलं, सावरलं. ४० सेकंदांनी मी ते मॅटवर उतरवलं, अगदी मॅटवर नाही, जरा बाजूला. होल्ड दाबला. पाती थांबेपर्यंत आम्ही दोघंही जागचे हललो नाही. मग त्याने रिमोट घेतला.

त्या दिवशी दोन बॅटऱ्या संपल्या आणि एकही पार्ट मोडला नाही. खर्च झाला तो येताना खाल्लेल्या मिसळीचा.