शनिवारी बंद राहणारा घाणा
किनाऱ्यावर आलेली माणसं : लेखांक ५

मागच्या आठवड्यात आपण दिवेआगरचा शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा ताम्रपट पाहिला. आता याच किनाऱ्याने थोडं उत्तरेला जाऊ.

अलिबागजवळच्या नवगावसमोर, खांदेरी-उंदेरीच्या पाण्यात आपल्या पूर्वजांचं जहाज फुटलं, असं कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंची परंपरा सांगते. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. वाहून आलेली प्रेतं नवगावात पुरली. ती जागा आजही दाखवतात. चौलचं जुनं बंदर जवळच आहे, तेव्हा पश्चिमेकडची जहाजं इथे येणं नवलाचं नव्हतं.

गोष्टीतलं जहाज फुटलं की कुटुंब निर्जन बेटाला लागतं. नवगावला मात्र वस्ती होती. पोथ्या समुद्रात गेलेल्या, भाषा परकी, आणि पोट भरायचं ते याच लोकांत. पुढे ही मंडळी घाण्यावर तेल गाळू लागली, मराठी बोलू लागली. पण शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना, यापलीकडे फारसं काही हाती उरलं नव्हतं. मला वाटतं, ओसाड बेटावर वार कुठला हेच माणूस विसरला असता. इथे शनिवार शेजाऱ्यांच्या तोंडी होता.

आकड्यांवर मात्र फार विसंबू नये. किनाऱ्याला लागलेली चौदा प्रेतं परशुरामाने जिवंत केली, ही चित्पावनांची कथा दिवेआगरला नवी नाही. सात नि सात मिळून इथेही चौदाच! परंपरा ही घटना दोन हजार वर्षांपूर्वीची मानते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे आढळले, आणि त्यांची सरमिसळ साधारण ६५० ते १०५० वर्षांपूर्वीची निघाली. अर्थात हा काळ सोयरिकीचा. जहाज कधी आलं ते त्यावरून ठरत नाही.

किनाऱ्यावर पांगलेल्या कुटुंबांनी गावांचीच आडनावं घेतली : किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर. दिवेकरांचं मूळ बरेच जण दिवेआगरला नेतात. दिवे नावाची गावं आणखीही आहेत, त्यामुळे पैज लावू नये. याच आडनावाचे सॅम्युअल इझिकेल ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्यावर त्यांनी नवस फेडला, असं सांगतात. १७९६ साली त्यांनी मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं, ‘शार हारहमीम’, म्हणजे दयेचं द्वार. १८६० मध्ये ते सध्याच्या जागी आलं. मशीद बंदरच्या त्या रस्त्याला सॅम्युअल स्ट्रीट म्हणतात.

पुढच्या आठवड्यात : चौलचं बंदर.